सात लिव्हरचं कुलूप

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥
शिरूर कासार, जि. बीड
१२ जून १९९६

चिरंजीव मृत्युंजयास,
वैजिनाथअप्पाचे अनेक आशीर्वाद. इकडे मी व आमची मंडळी, म्हणजे तुझी आत्या शिवम्मा, खुशाल आहोत.

पत्रास कारण की, दुकानामागच्या नव्या घराचा स्लॅब परवा पडला. पडला म्हणजे टाकून झाला, घाबरू नकोस. आता दारं बसवायची आहेत. समोरच्या दाराचं फार काही नाही, पण कोठीच्या दाराची काळजी आहे.

तुला ठाऊकच आहे, दिवाळी झाली की आपल्या मागच्या आळीतली निम्मी घरं ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परततात. जाताना पेट्या, पितळेची भांडी, बायकांची चांदी आपल्याकडे अमानत म्हणून ठेवून जातात. माझ्या वडिलांपासूनची रीत आहे. जुन्या खोलीला नुसती कडी होती, तीत लाकडाची खुंटी अडकवली की काम झालं. पेट्यासुद्धा सुतळीनं बांधलेल्या. आजवर एक वाटी इकडची तिकडे झाली नाही. पण सिमेंटच्या घराला खुंटी शोभेल का?

समोर राहणारे बबनराव, आपल्या सोसायटीचे चेअरमन, यांनी दाराला इटलीचं हँडल बसवलं आहे. लोक ते बघायला जातात. परवा मीही गेलतो. ते स्वतः दार उघडून दाखवतात, लावून दाखवतात, पुन्हा उघडतात. चहा मात्र विचारत नाहीत.

तू पुण्यात परदेशी कुलपांच्या कंपनीत आहेस. कोणतं घ्यावं ते स्पष्ट लिही. मला दिखाऊ काही नको. पण आल्यागेल्याला दिसलं तर पाहिजे.

तुझा,
वैजिनाथअप्पा

ता. क. मी शिवम्मा. न्हाणीच्या दाराला आतून कडी आधी पाठव. जर्मनीची नको, लागणारी पाठव.

* * *

पुणे
२७ जून १९९६

तीर्थस्वरूप अप्पांस,
मृत्युंजयचा शिरसाष्टांग नमस्कार, आत्यालाही.

तुम्ही अगदी योग्य माणसाला विचारलंत. डोळे झाकून आमचं ‘ग्रॉसेनबाख’ घ्या. अस्सल जर्मन. दाराच्या आत बसतं, बाहेर नुसतं किल्लीचं भोक दिसतं. आत सात लिव्हर, म्हणजे उचलायच्या पट्ट्या, असतात. खऱ्या किल्लीशिवाय त्या हलतच नाहीत. सोबत तीन किल्ल्या आणि एक नंबराचं कार्ड. चौथी किल्ली करायची तर कार्ड दाखवून कंपनीकडूनच करावी लागते. अलीगढचं कुलूप म्हणजे नुसता लोखंडाचा गोळा, त्याचं नावही काढू नका.

बबनरावांचं इटालियन, ते ‘पियात्रेल्ली’ असणार. अप्पा, हा माल म्हणजे बेन्टेक्सचे दागिने. पहिल्या पावसाळ्यापर्यंत चकाकतो. मी ग्राहकांना तोंडावर सांगतो, दाराला लिपस्टिक लावायची असेल तर पियात्रेल्ली घ्या. साहेब लई हसले होते या वाक्यावर. पुढच्या वर्षी मला एरिया मॅनेजर करणार आहेत.

तुमचा होकार आला की कर्मचारी सवलतीत पाठवतो. सोबत रंगीत पुस्तिका आहे.

आपला आज्ञाधारक,
मृत्युंजय

* * *

शिरूर कासार
१९ जुलै १९९६

चि. मृत्युंजयास आशीर्वाद.

पुस्तिका मिळाली. दुकानात ठेवली आहे. गिऱ्हाईक साखर बांधून होईपर्यंत तीच चाळतं. जर्मनांची दारं बघून सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं की त्यांच्याकडे धूळ नसावी.

सटवा सुताराला कुलपाचं चित्र दाखवलं. दारात केवढी खाच करावी लागेल ते त्यानं बोटानं मोजलं अन् म्हणाला, “अप्पा, आदी दाराला एवढं भगदाड पाडायचं, मंग ते राखायला कुलूप घ्यायचं. आसं कावून?” मी म्हटलं, “जर्मनीत असंच करतात.” त्यावर त्यानं मजुरी वाढवली.

ग्रॉसेनबाख एक पाठव. कोठीला बसवू. बबनरावांना लिपस्टिकचं सांगितलं, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

वैजिनाथअप्पा

* * *

पियात्रेल्ली — द आर्ट ऑफ एन्ट्रन्स
पुणे विभाग
३ सप्टेंबर १९९६

तीर्थस्वरूप अप्पांस साष्टांग नमस्कार.

वरचा कागद बघून नवल वाटलं असेल. इकडे काही चांगले बदल झाले. माणसानं एका जागी फार दिवस राहू नये असं आमचे नवे साहेब म्हणतात.

अप्पा, मनमोकळं लिहितो. गेला महिनाभर मी पियात्रेल्लीचा माल जवळून पाहतोय आणि मला माझंच आश्चर्य वाटतं. काय हात आहे त्या लोकांचा! हँडल धरलं की पाहुण्याशी हात मिळवल्यासारखं वाटतं. जर्मन माल मजबूत असेल, पण तो तुरुंगासाठी बनवलेला आहे. घराला घरपण नको का? शिवाय आपल्याकडची बारीक माती त्या सात लिव्हरमध्ये गेली की संपलं.

तेव्हा जर्मन कुलपाचा विचार सोडून द्यावा. समोरच्या दाराला ‘पियात्रेल्ली रॉयल’ घ्यावं. बबनरावांकडचं साधं मॉडेल आहे. हे त्याच्या वरचं.

आपला,
मृत्युंजय

* * *

शिरूर कासार
१४ सप्टेंबर १९९६

चि. मृत्युंजयास आशीर्वाद.

विचार कसा सोडू? जर्मन कुलूप एसटीच्या पार्सलनं ऑगस्टातच आलं आणि बसलंसुद्धा. पार्सलवर तुझीच सही आहे.

तुझी दोन्ही पत्रं शेजारीशेजारी ठेवून वाचली. अक्षर एकच आहे. आत्या म्हणाली, तिसऱ्या कंपनीत जायच्या आत जे काय घ्यायचं ते घेऊन टाका.

तेव्हा समोरच्या दाराला रॉयल पाठव. वरचं मॉडेल आहे एवढं चिठ्ठीवर ठळक लिही, म्हणजे मला तोंडानं सांगावं लागणार नाही. या दोन दारांपायी बाकीच्या सामानात हात आखडता घ्यावा लागला. बिजागऱ्या आपल्या आठवडी बाजारातून आणल्या. सटवानं कोठीचं दार बाहेर उघडणारं केलं आहे, त्यामुळे आत पेट्यांची एक रांग जास्त बसते.

दसऱ्याला वास्तुशांत. येणे.

वैजिनाथअप्पा

* * *

शिरूर कासार
१८ नोव्हेंबर १९९६

चि. मृत्युंजयास आशीर्वाद.

वास्तुशांतीला आला नाहीस. कामात असशील. बबनराव आले होते. आमचं हँडल धरून बराच वेळ उभे राहिले अन् म्हणाले, “जरा जाड हाय.” मला त्यातच सगळं मिळालं.

ऊसतोडीच्या टोळ्या परवा निघाल्या. या खेपेला त्रेचाळीस पेट्या आल्या. प्रत्येकाला मी कुलूप चालवून दाखवलं. किल्ली फिरली की आत सात वेळा खट्खट् होतं, ते ऐकायला पोरंसोरं भिंतीला कान लावून बसली होती. मागच्या आळीतली साखराबाई तुला आठवत असेल, नवऱ्यामागं एकटी कोयता चालवून तिघं पोरं वाढवलेली. ती म्हणाली, “अप्पा, ह्ये कुलूप कुनासाठी हाय?”

मी म्हटलं, “चोरासाठी.”

“आपल्या आळीत कोन हाय चोर?”

“आळीत नाही गं. बाहेरचा.”

तिनं दाराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, दाराच्या दुसऱ्या अंगालाही जाऊन आली. म्हणाली, “लई भारी हाय,” आणि पेटी ठेवून गेली. थोरल्या मुलीचं, सुभद्राचं, लग्न तिनं मे महिन्यात धरलं आहे. मुलीची चांदी त्या पेटीत आहे.

कुलपाला तेलपाणी काही करायचं असतं का, ते कळव.

वैजिनाथअप्पा

* * *

पुणे
९ जानेवारी १९९७

ती. अप्पांस सा. न.

उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. सध्या फिरती फार आहे. महिन्यातून एकदा तेल सोडत जा, कसलंही चालतं. बाकी सर्व उत्तम.

मृत्युंजय

* * *

शिरूर कासार
२ फेब्रुवारी १९९७

चि. मृत्युंजयास आशीर्वाद.

आंतरदेशीय पत्र मिळालं. कंपनीचा कागद आता वापरत नाहीस, म्हणजे बराच वरचा साहेब झालास असं मी आत्याला म्हटलं. ती म्हणते, “साहेब झाला तर अक्षर एवढं बारीक कावून काढलंय?” बायकांना काही कळत नाही.

तेल सोडतो आहे. दुकानात करडईचं आहे, तेच. महिन्यातून एकदा म्हणालास, मी दर सोमवारी सोडतो.

वैजिनाथअप्पा

* * *

शिरूर कासार
२१ एप्रिल १९९७

चि. मृत्युंजयास,

फार अडचणीत आहे. पत्र मिळताच हालचाल कर.

मंगळवारी कोठी झाडायला म्हणून किल्ली फिरवली, फिरेना. जोर केला तर ती तुटली. निम्मी माझ्या हातात, निम्मी आत. बाकीच्या दोन किल्ल्या आहेत, पण भोकात तुकडा अडकलेला. सटवानं तार घालून पाहिली. तो म्हणतो, तेल अन् माती मिळून आत लुकण होऊन घट्ट बसलंय.

टोळ्या यायला लागल्या आहेत. रोज दारात माणसं उभी. पहिल्या दिवशी हसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “बरं, उद्या येतो.” आता नुसते बसून राहतात. दुकानात माल घ्यायला येणारेसुद्धा आधी कोठीकडे बघतात. बबनराव काल चार जणांत म्हणाले म्हणे, “किल्ली तुटली हे बरं निमित्त घावलं अप्पाला.” चाळीस वर्षं या गावात तराजू धरला, असं वाक्य कधी कानावर आलं नव्हतं. जेवण जात नाही.

साखराबाईच्या मुलीचं लग्न पाच मेला आहे. ती अजून यायची आहे. तिला काय तोंड दाखवू?

तू आता मोठा साहेब आहेस. नंबराचं कार्ड माझ्याकडे आहे. कंपनीचा माणूस ताबडतोब पाठव.

वैजिनाथअप्पा

* * *

पुणे
२६ एप्रिल १९९७

ती. अप्पा,

तुमच्या शेजारच्या एसटीडी बूथवर दोनदा फोन लावला, लागला नाही. म्हणून लिहितो.

मी कोणत्याच कंपनीत नाही. डिसेंबरपासून नाही. ग्रॉसेनबाख आणि पियात्रेल्ली, दोन्हींची एजन्सी मुंबईच्या एकाच शेटनी घेतली आणि दोन्हीकडची निम्मी माणसं काढली. मी दोन्हीकडचा होतो, त्यामुळे माझं नाव दोन्ही याद्यांत होतं.

शेवटचा महिना त्यांनी मला गोदामात बसवलं. तिथं एका ढिगातून कुलपं उचलून एक माणूस जर्मन खोक्यात भरत होता आणि दुसरा इटालियन. मी विचारलं तर म्हणाला, “आत सगळं सारखंच. वरचा मुलामा वेगळा.” हे तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं. मला वाटलं, कळवलं तर माझं आधीचं सगळं लिहिणं काय उरेल?

तेलाचंही मला ठाऊक नव्हतं. सोबतच्या कागदावर इंग्रजीत लिहिलेलं असतं की तेल घालू नये, पेन्सिलीच्या शिशाची पूड घालावी. मी विकायचो, वाचायचो नाही.

मुंबईच्या ऑफिसला फोन केला. बाई म्हणाल्या, कुलूप कार्डासह मुंबईला पाठवा, सहा आठवड्यांत दुरुस्त होऊन येईल. मी म्हटलं, दार उघडल्याशिवाय ते निघत नाही. त्या म्हणाल्या, मग आधी दार उघडून घ्या.

भिंत फोडावी लागली तर फोडा. खर्च मी फेडीन. यायची हिंमत होत नाही.

मृत्युंजय

* * *

शिरूर कासार
३० एप्रिल १९९७

मृत्युंजया,

मी शिवम्मा लिहिते हाय. अप्पांना हातात पेन धरवत न्हाई, म्हनून मी बसले. शुद्धलेखन तपासू नको.

काल साखराबाईची टोळी आली. गाडीतून उतरली ती तशीच दारात. अंगावर पाचटाची कुसळं, हातात कोयता. अंगनात पन्नास मानूस जमलेलं. सटवा पहार घिऊन भिंतीपशी उभा. अप्पा म्हनाले, “फोड. माझी भिंत हाय, माझा नवा सलॅब हाय, फोड.” सटवाचा हात उचलंना.

साखराबाई म्हनाली, “थांबा वो. भिताड कशापायी?”

तिनं मान्सं बाजूला सारली. कुलपाकडं बगितलंसुदिक न्हाई. दाराच्या दुसऱ्या अंगाला गेली, जिथं बिजागऱ्या हायेत. दार भाईर उघडतं म्हनून बिजागऱ्याचे खिळे बी भाईरच. खालून कोयत्याचं टोक लावलं, वरून दगडानं ठोकलं. एक खिळा वर आला. दुसरा आला. तिसरा आला. मंग सटवानं अन् तिनं दार धरून ओढलं, तर कुलपासकट समदं दार उंबऱ्यावरनं निगून हातात! भिताडाला टेकवून ठिवलं. सात लिवर अजून बी लावलेलेच.

पोरगं एक हसलं, त्याला त्याच्या आईनं चापट दिली.

अप्पा ओट्यावर बसले. म्हनाले, “साखरा, तुला कसं ठावं?”

“पेटी ठिवली त्याच दिशी दिसलं हुतं.”

“तुला एकटीला?”

ती इकडंतिकडं बगाया लागली. सटवा खाली बगत हुता. पलीकडची भिवराबाई पदर तोंडाला लावून उभी. मंग साखराबाई म्हनाली, “समद्यांनलाच दिसलं हुतं, अप्पा.”

“अन् तरी पेट्या ठेवून गेलात?”

“पेट्या का दारापाशी ठिवत असतोत का आमी? तुमच्यापशी ठिवतोत.”

“मग सांगितलं कावून न्हाई गं?”

“तुमी लई हौसेनं दावत हुतात. खट्खट् खट्खट्. आसं बोलून कुनाचं मन मोडावं?”

अप्पा उठून आत गेले. मी तेंच्या मागं गेले न्हाई. त्रेचाळीस पेट्या मीच मोजून दिल्या. सुतळ्या हुत्या तशा. सुभद्राची चांदी तिच्या आईनं तितंच उगडून बगितली न्हाई, मी म्हनलं तरी न्हाई. पेटी डोक्यावर घिऊन गेली.

आता तुझं. नोकरी गेली ह्ये चार म्हैने आतूपासून लपवलंस. तू काय कुनाची पेटी पळवलीस का? दोन कंपन्यांनी काढला म्हंजी दोघींना नगं झालास, आमाला न्हाई. पाच तारखंला लग्न हाय. साखराबाईनं तुला बी बोलावलंय, कुलूपवाला भाचा बगायचा म्हनती. ये. आन् न्हाणीची कडी घिऊन ये, वरीस झालं सांगून.

आत्या

* * *

पुणे
८ ऑगस्ट १९९७

ती. अप्पा व आत्यास नमस्कार.

लग्नाहून परत आलो त्याला तीन महिने झाले. मांडवात सटवानं सगळ्यांना माझी ओळख ‘सात लिव्हर’ म्हणून करून दिली. तेच नाव आता पडलं असणार.

इथं बोहरी आळीत एका गाळ्यात मी स्वतः घाऊक माल विकायला सुरुवात केली आहे. खिळे, कड्या, लहान कुलपं. कंपनीचं नाव नाही. मालाचं कौतुक विचारल्याशिवाय करत नाही. विचारलं तर आधी उघडून बघतो.

पेटीला लावायच्या लहान कुलपांचा नमुना पाठवत आहे. दोन छाप आहेत, सिंह आणि हत्ती. खपली तर ठीक, नाही तर परत पाठवा.

मृत्युंजय

* * *

शिरूर कासार
९ नोव्हेंबर १९९७

चि. मृत्युंजयास अनेक आशीर्वाद.

तुझ्या चार डझन कुलपांतली हत्तीची चार उरली, बाकी सगळी खपली. आनंदानं लिहायला हवं होतं, पण गेले आठ दिवस माझ्या मनाला काय लागलं होतं ते आधी सांगतो.

बिघडलेलं जर्मन कुलूप मी काढून टाकलं. सटवानं दार आत उघडणारं करून पुन्हा बसवलं. कुलपाच्या जागी भगदाड आहे, त्यातून तुझी आत्या आत मांजर शिरलंय का ते बघते. मी म्हटलं, आता आपल्याकडे कोण ठेवील? पण बलिप्रतिपदेपासून लोक यायला लागले. दोन घरं आधी बबनरावांकडे गेली होती. त्यांच्या फरशीला पेट्यांनी ओरखडे पडतात म्हणून ती इकडे परतली.

पेट्या आल्या, पण प्रत्येक पेटीला कुलूप! माझ्याच दुकानातून घेतलेलं, माझ्याच हातानं विकलेलं. वडिलांच्या काळापासून जिथं सुतळी होती, तिथं कुलूप. पैसे गल्ल्यात टाकत होतो आणि मनात म्हणत होतो, वैजिनाथा, एका दारापायी साठ वर्षांचा इतबार घालवलास. लोक तोंडावर गोड बोलतात, पण पेटीला कुलूप लावतात. रात्रंदिवस तेच.

काल साखराबाई आली. नवा जावई आणि सुभद्राही या सालापासून तिच्याबरोबर कोयत्यावर जाणार. तिनं आधी कुलूप मागितलं. मी मुकाट्यानं दोन्ही छाप पुढे ठेवले. अर्धा तास घेतला तिनं. सिंहाचं उघडून बघितलं, हत्तीचं उघडून बघितलं, तळहातावर तोललं, सुभद्राला विचारलं, दुकानात मीठ घ्यायला आलेल्या भिवराबाईला विचारलं. “हत्ती जड हाय,” म्हणाली, “पर सिव्ह कसा उठून दिसतो!” शेवटी सिंह घेतला. पेटीला लावला. दोनदा ओढून बघितला. मग किल्ली माझ्या हातावर ठेवली.

“ही तुझ्याकडे ठेव की,” मी म्हटलं.

“फडात कुठं सांभाळू? पाचटात पडली तर घावती व्हय? ऱ्हाऊ द्या तुमच्यापशी.”

मला राहवेना. “साखरा, पेटी माझ्याकडे, किल्ली माझ्याकडे. मग कुलूप घेतलंस कावून? माझ्यावर इतबार राहिला नाही, हेच ना?”

ती म्हणाली, “काय बोलता अप्पा! इतबाराचं काय मधीच? तुमी घेतलं, चेरमननं घेतलं. आमाला हौस न्हाई का?”

भिवराबाई म्हणाली, “माझी बी किल्ली घ्या की मंग, मी उगंच पिशवीत बांधली.”

संध्याकाळपर्यंत एकेक जण येऊन किल्ली देऊन गेला. चव्वेचाळीस झाल्या. नाव लिहून उपयोग नाही, वाचणार कोण? म्हणून आत्यानं प्रत्येक किल्लीला ज्याच्यात्याच्या लुगड्याची नाहीतर पटक्याची चिंधी बांधली. तराजूमागं खिळ्याला टांगल्या आहेत. आज बीडहून आलेल्या एका एजंटानं विचारलं, हे कसलं नवसाचं आहे?

आज बरेच दिवसांनी दोन भाकरी खाल्ल्या.

पलीकडच्या वस्तीवरची टोळी पंधरा दिवसांनी निघते आहे, त्यांचाही निरोप आला आहे. तेव्हा दोन डझन लगेच पाठव. सगळी सिंहाची पाठव, हत्तीला गिऱ्हाईक नाही.

तुझा,
वैजिनाथअप्पा